वीस ग्रॅमचा जमाखर्च

श्रोतेहो, नमस्कार.

'माऊस डीअर' म्हटलं की सह्याद्रीच्या जंगलात फिरणाऱ्यांना पिसोरी आठवते. सशाएवढी, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे असलेली, माणसाची चाहूल लागताच झुडपात नाहीशी होणारी. आज बोलायचं आहे ते या दोन शब्दांची उलटापालट केली की जे नाव होतं त्या प्राण्याबद्दल, म्हणजे 'डीअर माऊस'बद्दल. हा खराखुरा उंदीर, आणि तोही उत्तर अमेरिकेतला. पाठ तपकिरी, पोट आणि पावलं पांढरीशुभ्र, अगदी हरणाचा रंग, म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव पेरोमिस्कस मॅनिक्युलेटस. अलीकडे पश्चिमेकडच्या उंदरांना पेरोमिस्कस सोनोरिएन्सिस अशी वेगळी जात मानतात, पण आजच्यापुरतं आपण सगळ्यांनाच हरणउंदीर म्हणू.

आपल्या फडताळातला उंदीर आणि हा, यांचं घराणंच वेगळं. हरणउंदीर नात्यानं हॅमस्टर आणि व्होल (आखूड शेपटीचा रानउंदीर) यांच्या जवळचा. ओळखायचा शेपटीवरून: घरातल्या उंदराची शेपटी सगळीकडून एकाच मळकट रंगाची, हरणउंदराची वरून गडद, खालून पांढरी, मधली रेघ स्पष्ट. डोळे मोठे, काळे, बाहेर आलेले. वजन साधारण वीस ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या साधारण अडीच नाण्यांइतकं.

हे वीस ग्रॅम लक्षात ठेवा. या प्राण्याचं सगळं आयुष्य या आकड्याभोवती फिरतं.

गरम आमटीचं पातेलं तासभर गरम राहतं, वाटीतली आमटी पाच मिनिटांत निवते. अंग जितकं लहान, तितका वजनाच्या मानानं त्याचा पृष्ठभाग मोठा आणि उष्णतेची गळती जास्त. हरणउंदराला शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राखायचं असतं. भोवतालची हवा तीस अंशांच्या जरा खाली गेली, की जादा इंधन जाळायला सुरुवात. पुण्यात ज्या हवेला आपण सुखद म्हणतो, त्या हवेत हा बिचारा शेगडी पेटवून बसलेला असतो. आणि तो राहतो कुठे, तर अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत. वाळवंटात, गवताळ माळावर, सूचिपर्णी जंगलात, हिमरेषेजवळच्या दगडांच्या राशीत.

मग कॅनडातल्या उणे वीस अंशांच्या रात्री हे वीस ग्रॅम गोठत कसे नाहीत? पुष्कळांना वाटतं की हा प्राणी हिवाळाभर झोपून काढत असेल. तसं नाही. चरबी साठवून सहा महिने झोपायचं तर अंगात साठवणीला जागा हवी, ती इथे नाही. त्यामुळे तो साठा बाहेर करतो. शरदात बिया गालात भरून आणतो आणि ओंडक्याच्या पोकळीत, दगडाखाली, कधी पक्ष्याच्या जुन्या घरट्यात लपवतो. गवत, पिसं, लोकर, झाडाची मऊ साल कुरतडून गोल घरटं करतो. एरवी मादी आपल्या घरट्याजवळ दुसरीला फिरकू देत नाही; थंडीत मात्र भांडणं मिटतात आणि अनेक उंदीर एकमेकांना बिलगून झोपतात. बिलगल्यावर प्रत्येकाचा उघडा पृष्ठभाग कमी होतो, म्हणजेच गळती कमी. वर बर्फाचा जाड थर असला तर तो गोधडीसारखा उपयोगी पडतो, त्याखालच्या पोकळीत तापमान शून्याच्या आसपास टिकून राहतं. खरा घात करतो तो बर्फ न पडता आलेला कडाका.

शरीराच्या आतली सोय दुहेरी. एक, खांद्यांच्या मधोमध असलेली तपकिरी चरबी. पांढरी चरबी म्हणजे नुसतं कोठार. तपकिरी चरबी ही भट्टी. तिच्या पेशींतले मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जेचे कारखाने, इंधन जाळतात, पण त्या ऊर्जेतून पेशीचं चलन बनवण्याऐवजी एक खास प्रथिन ती थेट उष्णतेत सोडून देतं. कुडकुडावं न लागता ऊब मिळते. दोन, तात्पुरती सुस्ती. रात्री पोट भरलं नाही, तर दिवसा घरट्यात उंदीर शरीराचं तापमान वीस अंशांच्या आसपास उतरू देतो. चयापचय मंदावतो, श्वास विरळ होतो. काही तासांनी तीच तपकिरी भट्टी पेटवून तो पुन्हा ३७ वर येतो. हे फुकट नाही. तापमान चढवताना बरंच इंधन खर्ची पडतं, आणि सुस्त उंदराला पळता येत नाही. अशा वेळी अरुंद बिळात शिरू शकणारी, मुंगसासारखी सडपातळ वीझल आली, तर संपलंच. म्हणून ज्यांच्याजवळ दाणे शिल्लक असतात ते सहसा या वाटेला जात नाहीत.

आता उंचीचा प्रश्न. कोलोरॅडोतल्या माउंट ब्लू स्काय या सुमारे ४३५० मीटर उंचीच्या शिखरावरही हरणउंदीर आहेत. कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त उंची. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानानं जेमतेम साठ टक्के ऑक्सिजन, आणि थंडी अशी की भट्टीला ऑक्सिजन जास्त हवा. इंधन आहे पण वारा नाही, अशी चुलीची गत. सखल मुलखातून असं वर नेलेलं शरीर जे करतं, ते बऱ्याचदा अंगाशी येतं: तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होतं, ते फुप्फुसांत ढकलताना हृदयाची उजवी बाजू फुगते. डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या उंदरांमध्ये ही फूग फारशी दिसत नाही.

त्यांनी दुसरा मार्ग धरला आहे. त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये जनुकीय बदल झालेत, त्यामुळे ते ऑक्सिजन घट्ट पकडतं. विरळ हवेतूनही फुप्फुसांत भरपूर ऑक्सिजन चढतो. पण घट्ट पकडणारा हात सोडतानाही कुरकुर करतो. स्नायूंपाशी पोचल्यावर तो ऑक्सिजन सुटायला नको का? म्हणून या उंदरांच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं जास्त दाट आहे आणि ऑक्सिजन वापरणारे तंतूही जास्त. त्याशिवाय थंडीत ऊब निर्माण करताना ते मुख्यतः चरबी जाळतात, तीही सखल मुलखातल्या भाऊबंदांपेक्षा वेगानं. हिमोग्लोबिन एकटं बदलून भागलं नसतं. नेब्रास्का विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ जेय स्टॉर्झ आणि इतर संशोधकांनी ही साखळी एकेक कडी करून तपासली, म्हणून उंचीच्या शरीरशास्त्रात हा उंदीर आता नेहमीचा पाहुणा आहे.

बाळंतपणाचा हिशोबही तापमानाशीच बांधलेला. गर्भकाळ साधारण २२ ते २४ दिवस. एका वेतात बहुधा तीन ते सहा पिल्लं. जन्मताना पिल्लू दीड-पावणेदोन ग्रॅमचं, म्हणजे तीन-चार शेंगदाण्यांइतकं. उघडं, आंधळं, कान दुमडलेले. त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही, ती आईच्या अंगाची. दहाव्या दिवसाच्या सुमारास कान उघडतात, पंधराव्याच्या सुमारास डोळे. तीन ते चार आठवड्यांत दूध सुटतं. पिल्लं आचळ इतकं घट्ट धरतात, की घाबरून पळणाऱ्या आईबरोबर ती लोंबकळत फरपटत जातात.

व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. मग एक वेत दूध पितंय आणि दुसरं पोटात वाढतंय, अशी स्थिती. दुधाच्या दिवसांत तिचं खाणं एरवीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त होतं. हे पेलावं म्हणून पोटातले गर्भ रुजायला उशीर होतो आणि गर्भकाळ काही दिवसांनी लांबतो. खालच्या उबदार मुलखात वर्षाला तीन-चार वेतं होतात आणि पिल्लं सात आठवड्यांत स्वतः वयात येतात. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या कॅनानास्किस खोऱ्यासारख्या ठिकाणी उन्हाळा इतका तोकडा, की दोनेक वेतांतच हंगाम संपतो आणि त्या वर्षीची पिल्लं सहसा त्या वर्षी वीत नाहीत.

हंगाम संपत आला हे कळतं दिवसाच्या लांबीवरून. रात्र मोठी झाली की मेंदूतून मेलाटोनिन जास्त वेळ स्रवतं आणि नरांचे वृषण आक्रसतात. पण सगळ्यांचे नाही. एकाच वस्तीतले काही उंदीर या इशाऱ्याकडे काणाडोळा करतात. हिवाळा सौम्य निघाला तर त्यांची पिल्लं जगतात, कडक निघाला तर वाचतात ती फारच थोडी. दोन्ही स्वभाव टिकून राहिले आहेत, कारण हिवाळा दरवर्षी सारखा येत नाही.

पिंजऱ्यात हा उंदीर पाच वर्षांहून जास्त जगतो. रानात बहुतेकांचं वर्षही पुरं होत नाही. घुबड, कोल्हा, साप, वीझल, आणि दाणे संपलेला फेब्रुवारी.

हे मोजतात कसं? शर्मन नावाचे ॲल्युमिनियमचे घडीचे सापळे असतात, साधारण २३ सेंटिमीटर लांब. आत ओटचे दाणे आणि शेंगदाण्याचं लोणी, आणि घरटं करायला कृत्रिम कापूस. साधा कापूस भिजला की ऊब देत नाही. संध्याकाळी लावायचे, उजाडताच तपासायचे. ऊन चढेपर्यंत ठेवले तर पत्रा तापून आतला उंदीर दगावतो. कापूस विसरलात तर पहाटेच्या गारठ्यानं. गार पडलेला उंदीर मेला समजून फेकू नये, तळहातावर ऊब दिली की बरेच सावरतात. धरायचं मानगुटीवरून, शेपटीच्या टोकाला कधीच नाही, कारण शेपटीची कातडी मोज्यासारखी निसटून हातात येते. पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्यावर वजन, कानाला क्रमांकाची बारीक पट्टी, आणि जिथे सापडला तिथेच सोडायचा. हिशोबात एक खोट कायम राहते: पुढच्या खेपेला न सापडलेला उंदीर मेला, की मुलूख सोडून गेला, हे सापळा सांगत नाही.

हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय मात्र हे काम करू नये. १९९३ साली न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा जिथे मिळतात त्या भागात धडधाकट तरुण माणसं फुप्फुसांत पाणी भरून दगावू लागली. कारण निघालं एक हंताविषाणू, पुढे 'सिन नोम्ब्रे' नाव पडलेला, आणि त्याचा वाहक हरणउंदीर. आधीच्या हिवाळ्यात आणि वसंतात एल निन्योमुळे पाऊस भरपूर झाला होता, खाणं वाढलं, उंदीर कित्येक पटींनी वाढले. उंदराला या विषाणूचा फारसा त्रास होत नाही. माणसांत आजारी पडलेल्यांपैकी तिघांमागे एकाहून अधिक दगावतात.

कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्निया इथे राहणारी मराठी कुटुंबंही सुट्टीत डोंगरातली लाकडी घरं भाड्यानं घेतात, तेव्हा हे त्यांच्यासाठी. बंद खोलीत लेंड्या दिसल्या तर झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका. धूळ उडाली की विषाणू श्वासात जातो. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, असं ताजं मिश्रण लेंड्यांवर आणि घरट्यावर भरपूर ओता, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदी रुमालानं टिपून पिशवीत बांधा. पाव इंचाचं भोकही उंदराला पुरतं, त्यात स्टीलची घासणी कोंबून वरून बुजवा. आणि पुढच्या एक ते आठ आठवड्यांत ताप आला, मांड्या-कंबर ठणकू लागली, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, की आम्ही उंदीर असलेली खोली साफ केली होती.