सोमदेव बाहेर पडल्यानंतर पाच वर्षांनी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्याकडे टेनिस बघणाऱ्यांना अमेरिकेतलं व्हर्जिनिया विद्यापीठ माहीत झालं ते आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मन याच्यामुळे. त्यामुळे पुष्कळांचा असा समज आहे की सोमदेव तिथे गेला आणि तो संघ मोठा झाला. यातलं निम्मंच खरं आहे. सोमदेव तिथून पदवी घेऊन बाहेर पडला २००८ साली आणि संघाने पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं २०१३ साली. मधली पाच वर्षं काय चाललं होतं, ते मला आज सांगायचं आहे.

सुरुवात २००१ पासून करू. त्या वर्षी ब्रायन बोलंड इंडियाना स्टेट विद्यापीठातून शार्लट्सव्हिलला, म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गावी, प्रशिक्षक म्हणून आले. अशा गोष्टी सांगताना ‘शून्यातून उभं केलं’ म्हणायची आपल्याला फार सवय आहे. तसं काही नव्हतं. त्याच वर्षी व्हर्जिनियाचा ब्रायन वहाली अमेरिकेच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला होता. म्हणजे चांगला खेळाडू होता. नव्हता तो संघ. त्यांच्या गटात, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, तेव्हा ड्यूक विद्यापीठाचा दरारा. व्हर्जिनियाने ते गटविजेतेपद २००४ मध्ये घेतलं आणि त्याच वर्षाच्या शेवटाकडे चेन्नईत टेनिस शिकलेला सोमदेव तिथे दाखल झाला.

आता इथे जरा थांबतो, कारण कॉलेज टेनिसचा हिशेब कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. संघाची लढत सात गुणांची. आधी तीन दुहेरी सामने होतात आणि त्या तिन्ही मिळून गुण फक्त एक. ज्याने दोन जिंकल्या त्याचा तो गुण. मग सहा एकेरी, प्रत्येकी एक गुण. ज्याचे चार गुण आधी झाले तो जिंकला, उरलेले सामने तिथेच सोडून देतात. आता बघा, तुमच्याकडे देशातला सर्वोत्तम खेळाडू आहे. तो पहिल्या कोर्टावर खेळतो, जिंकतो आणि तुम्हाला एक गुण मिळवून देतो. सहाव्या कोर्टावरचा मुलगा, ज्याचं नाव त्याच्याच कॉलेजात अर्ध्यांना माहीत नसतं, तोही जिंकला तर एकच गुण देतो. दोघांची किंमत तंतोतंत सारखी. आपल्याकडे क्लबच्या सामन्यांत ‘पहिला कोण खेळतोय’ एवढंच विचारतात. तिथले प्रशिक्षक चौथ्या, पाचव्या, सहाव्या नंबरवर रात्री जागतात.

त्यात पैशाचं गणित वेगळं. त्या काळात पुरुषांच्या संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या मिळायच्या साडेचार. एकेरीलाच सहा जण लागतात, संघात आठ-दहा मुलं असतात आणि शिष्यवृत्त्या साडेचार! महिलांच्या संघाला आठ. प्रशिक्षक त्या साडेचारांचे तुकडे करून वाटायचा, कुणाला अर्धी, कुणाला पाव. म्हणजे एका ताऱ्याला पूर्ण शिष्यवृत्ती दिली की खालच्या नंबरांसाठी हात आखडता घ्यावा लागतो. इथे बसलेल्या पालकांपैकी कुणी अमेरिकेतल्या प्रशिक्षकांशी पत्रव्यवहार केला असेल, तर ही घासाघीस त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

सोमदेवकडे वळू. २००६ साली स्टॅनफर्डला तो आंतरविद्यापीठ स्पर्धेत एकेरीची अंतिम फेरी हरला. २००७ साली स्पर्धा जॉर्जियाच्या अथेन्स गावात. समोर अंतिम फेरीत जॉन इस्नर. तोच, ज्याने पुढे विम्बल्डनला तीन दिवस चाललेला सामना खेळला. सहा फूट दहा इंच उंची, त्या उंचीवरून येणारी सर्व्हिस, शिवाय इस्नर जॉर्जिया विद्यापीठाचाच, म्हणजे प्रेक्षक त्याच्या घरचे आणि जॉर्जियाने सांघिक विजेतेपद नुकतंच तिथेच जिंकलेलं. सोमदेव त्याच्यापुढे जेमतेम खांद्याइतका. निकाल ऐका: ७-६, ४-६, ७-६, सोमदेव विजयी. तीन सेटमध्ये दोन टायब्रेकर, म्हणजे ६-६ बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणारे गेम, तेही अशा माणसाविरुद्ध ज्याची अख्खी कारकीर्द टायब्रेकरवर उभी राहिली. प्रत्येक चेंडू परत करायचा, पुन्हा एक, पुन्हा एक. सोमदेवचं हे खेळणं कुणाकुणाला कंटाळवाणं वाटायचं. मला नाही वाटलं कधी. पुढच्या वर्षी टल्सामध्ये त्याने टेनेसीच्या जे. पी. स्मिथला हरवून विजेतेपद राखलं. त्या हंगामात त्याने ४४ सामने जिंकले, हरला एक.

आणि संघ? २००८ च्या फेब्रुवारीत व्हर्जिनियाने इनडोअर राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. हे पहिलं मोठं यश. पण मे महिन्यातली खरी स्पर्धा, आंतरविद्यापीठ सांघिक विजेतेपदाची, हाती लागली नाही. इतका मोठा खेळाडू असूनही नाही.

मग सोमदेव पदवी घेऊन बाहेर पडला. अशा वेळी संघ घसरतात. हा घसरला नाही, कारण त्याच्या मागे रांग लागलेली होती. २००९ साली डॉमिनिक इंग्लॉट आणि मायकल शबाझ यांनी राष्ट्रीय दुहेरी जिंकली. पुढच्या वर्षी इंग्लॉट नव्हता, तरी शबाझने ड्रू कोर्टनीला घेऊन तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. आपल्या चंडीगडचा सनम सिंगही याच काळातला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत सोमदेव आणि सनम यांनी भारताला पुरुष दुहेरीचं सुवर्ण मिळवून दिलं. दोघेही व्हर्जिनियाचे, हे आपल्या वर्तमानपत्रांत फारसं आलं नाही.

आता पुन्हा सांघिक स्पर्धेकडे. २०११ ला अंतिम फेरी, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून हार, ३-४ अशी. २०१२ ला पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा तेच प्रतिस्पर्धी, पुन्हा हार. ‘मोक्याच्या क्षणी कच खातात’ असं लोक उघड बोलायला लागले.

२०१३, इलिनॉयमधलं अर्बाना. समोर यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, ज्यांच्या कपाटात अशी डझनाहून जास्त विजेतेपदं. गुण झाले ३-३. उरला एकच सामना: व्हर्जिनियाचा मिचेल फ्रँक आणि यूसीएलएचा फ्रेंच खेळाडू आद्रियाँ प्यूजे. तिसरा सेट. बाकी सगळे कोर्टाभोवती उभे. प्यूजेकडे मॅच पॉइंट, म्हणजे विजेतेपदाचाच पॉइंट. तो नेटवर आला, व्हॉली मारली, फ्रँकला ती पोचण्यासारखी नव्हती. यूसीएलएवाल्यांना वाटलं, झालं. पण धावत आलेल्या प्यूजेचा नेटला स्पर्श झाला होता आणि चेंडू तेव्हा अजून खेळात होता. नियम साधा आहे, आपल्या बारा वर्षांखालच्या मुलांनाही पाठ आहे: चेंडू खेळात असताना नेटला लागलात की पॉइंट गेला. पॉइंट फ्रँकला. तिथून त्याने तो सेट ७-५ असा काढला आणि व्हर्जिनिया ४-३ ने विजेता. अटलांटिक कोस्ट गटातल्या कुठल्याही संघाचं हे पुरुष टेनिसमधलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

याला नशीब म्हणा, माझी हरकत नाही. पण ३-३ पर्यंत पोचायला आधी तीन गुण कुणीतरी मिळवलेले असतात, आणि शेवटचा सामना पहिल्या नंबरच्या जार्मेर जेंकिन्सचा नव्हता. जेंकिन्सने पुढे त्याच स्पर्धेत मॅक स्टिस्लिंगरबरोबर दुहेरी जिंकली आणि एकेरीत उपविजेता राहिला, हे वेगळं. त्यानंतर २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन विजेतेपदं आली. बोलंड व्हर्जिनिया सोडून गेल्यावर नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली २०२२ आणि २०२३ ला आणखी दोन.

आपल्या महाराष्ट्रातूनही मुलं या वाटेने गेली आहेत. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून. कार्यक्रमाआधी एका पालकांनी मला विचारलं, कुठलं विद्यापीठ निवडावं. मी म्हणेन, संघाचं क्रमांकन नंतर बघा. गेल्या तीन वर्षांत पाचव्या आणि सहाव्या कोर्टावर कोण खेळलं, ते कुठून आले, पहिल्या वर्षी बाकावर बसलेला मुलगा तिसऱ्या वर्षी कुठे होता, ही माहिती त्यांच्या निकालपत्रकांत मिळते. तुमचा मुलगा बहुधा तिथूनच सुरुवात करणार आहे. बाकीचं प्रश्नोत्तरांत बोलू. मागच्या रांगेत मघापासून एक हात वर आहे.