तार नसलेलं घर आणि तार नकोशी झालेलं घर

मंडळी, कोणत्या शेजाऱ्यानं किती मेगावॅट सौरऊर्जा उभारली, याचे तक्ते मी आज आणलेले नाहीत. पॅनल कुणी लावलं आणि कशाला वैतागून लावलं, हे तक्त्यात दिसत नाही. म्हणून मुख्यतः दोनच देश घेतो, १९७१ पर्यंत एक असलेले: पाकिस्तान आणि बांगलादेश.

बांगलादेशात २००३ साली घरगुती सौरसंचांची योजना सुरू झाली, तेव्हा असंख्य खेड्यांत विजेची तारच नव्हती. रॉकेलचा दिवा होता. पैसा 'इडकॉल' या सरकारी वित्तसंस्थेमार्फत यायचा, त्यामागे जागतिक बँक होती. पण योजना खरी चालली ती हप्त्यांवर. गावात काम करणाऱ्या संस्थेचा माणूस घरी येऊन हप्ता घ्यायचा, संच चालतोय का तेही बघायचा. आणि संच तरी केवढा? पत्र्यावर पन्नासेक वॅटचं एक पॅनल, घरात तीन-चार दिवे, मोबाईलचं चार्जिंग, फार तर छोटा टीव्ही. आपला मिक्सरसुद्धा फिरणार नाही त्यावर! पण असे ४० लाखांहून जास्त संच लागले आणि सुमारे २ कोटी लोकांच्या घरात उजेड आला.

मग सरकारी तार गावात पोचली. २०२२ मध्ये संपूर्ण विद्युतीकरण झाल्याचं जाहीर झालं. तारेवर पंखा फिरतो, फ्रीज चालतो. पन्नास वॅटचं कौतुक कोण करणार? हप्ते थकले, संच अडगळीत गेले. मोठे सौरप्रकल्प उभारायचे, तर जमीन कुठे आहे? महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान देश, माणसं सुमारे १७ कोटी, आणि मोकळी वाटते ती जमीन म्हणजे भातशेती. त्यामुळे आजही तिथली बरीचशी वीज गॅस आणि कोळशावरच निघते.

पाकिस्तानात गंगा उलटी वाहिली. तिथं तारही होती आणि गरजेपेक्षा जास्त क्षमतेची वीजकेंद्रंही. पण करार असे, की केंद्र चालो वा बंद राहो, मालकाला ठरलेले पैसे द्यायचेच, त्यातले बरेचसे डॉलरच्या भावानं. २०२२ मध्ये आयात गॅस भडकला, रुपया घसरला आणि सगळा भार बिलात उतरला. ऑगस्ट २०२३ मध्ये लोकांनी रस्त्यावर येऊन बिलं जाळली. नेमकी त्याच सुमारास चिनी पॅनल स्वस्त झाली. २०२४ या एका वर्षात तिथं सुमारे १७ हजार मेगावॅटची पॅनल आयात झाली. त्यांच्या सगळ्या वीजकेंद्रांची मिळून क्षमता ४६ हजारांच्या आसपास! मोठं अभियान नाही, घोषणा नाही. बायकोचे दागिने मोडून पॅनल घ्यायचं की बिल भरत राहायचं, असा हिशेब घराघरांत झाला असणार.

आता गोम अशी, की ज्याच्याकडे पैसा आणि स्वतःचं छप्पर आहे, तो तारेपासून दूर गेला. वीजकेंद्रांचं देणं मात्र तसंच राहिलं. ते कुणाच्या बिलात गेलं? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या.

पाकिस्तानातल्या पंजाबात शेतकरी पॅनल ट्रॉलीवर बसवून विहिरीपाशी ओढत नेतात. डिझेल सुटलं. रात्रीच्या लाईटला बांधावर जागणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे ऐकून हेवा वाटेल, मलाही वाटला. पण डिझेल महाग होतं म्हणून पंप बंद व्हायचा. आता ऊन फुकट आहे, पंप संध्याकाळपर्यंत चालतो आणि भूजल खाली जातं.

नेपाळबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथली वीज नदीची. दहा-बारा वर्षांपूर्वी काठमांडूत हिवाळ्यात दिवसातले बारा-चौदा तास अंधार असायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच नेपाळनं भारताच्या तारांवरून बांगलादेशला ४० मेगावॅट वीज विकायला सुरुवात केली. हा करार पावसाळ्यापुरता आहे, साधारण जून ते नोव्हेंबर. नद्या आटल्या की हिवाळ्यात नेपाळ स्वतःच आपल्याकडून वीज घेतो.