काळाघोड्याची लोखंडी इमारत

श्रोतेहो, नमस्कार. काळाघोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीच्याच ओळीत एक जुनी इमारत आहे, एस्प्लनेड मॅन्शन. पूर्वीचं वॉटसन हॉटेल. पूर्ण लोखंडी सांगाडा! खांब, तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या, बोटीनं मुंबईला आणल्या आणि इथं जोडल्या. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा, काळ 1860 नंतरच्या दशकातला. मी लहानपणी वडिलांबरोबर तिथं गेले, तेव्हा हॉटेल जाऊन खोल्याखोल्यांत वकिलांच्या कचेऱ्या थाटल्या होत्या. वडिलांनी खांबावर घराची किल्ली वाजवली. टण्ण! "ऐक, दगड नाही हा, लोखंड आहे."

आता ती गोष्ट, जी सांगायला मला कधीच कंटाळा येत नाही. 7 जुलै 1896, ऐन पावसाळा. हलत्या चित्रांचं यंत्र बनवणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसानं या हॉटेलात रुपया तिकीट लावून हलती चित्रं दाखवली. स्टेशनात शिरणारी आगगाडी, समुद्रातली आंघोळ, कारखान्यातून सुटणारे कामगार. हिंदुस्थानातला सिनेमाचा पहिला खेळ झाला तो या लोखंडी इमारतीत! आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात लागले. त्या चित्रांनी ज्यांना झपाटलं, त्यांत एक आपले मराठी छायाचित्रकार होते, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. सारे त्यांना सावेदादा म्हणत. दादांनी थेट लंडनहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली, पुंडलिकदादा विरुद्ध कृष्णा न्हावी. पैलवान भिडले, दादांनी हँडल फिरवलं. पण फिल्म धुवायची सोय इथं नव्हती. ती बोटीनं विलायतेला गेली, धुऊन परत आली, तेव्हा कुठं लोकांना दिसली. 1899, श्रोतेहो. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटाआधी चौदा वर्षं!

2005 मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, 2019 मध्ये ती रिकामी केली. पाडावी असंही तज्ज्ञांनी सुचवलं. मला ते पटत नाही. लोखंड गंजतं, तसं ते दुरुस्तही होतं. ती नीट उभी करावी, तळमजल्यावर सावेदादांच्या नावाचं छोटं चित्रपटगृह काढावं आणि पहिल्या दिवशी तिकीट रुपयाच ठेवावं.