सही कोणाची, संमती कोणाची

मघाशी एकाने विचारलं, मुस्लिम वस्तीत आरोग्य सर्वेक्षण करायचं तर आधी मौलानांची परवानगी घ्यावी का? जरूर घ्या. पण ती गल्लीत शिरण्याची परवानगी असते. माणसाला सुई टोचायची परवानगी त्यात येत नाही, आणि गडबड होते ती इथेच.

कानोचं उदाहरण घ्या. हे उत्तर नायजेरियातलं मुस्लिमबहुल शहर. 1996 साली तिथे मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची, मोठी साथ होती. फायझर कंपनीने त्या धामधुमीत तिथल्या सरकारी रुग्णालयात ट्रोव्हान या नव्या औषधाची चाचणी घेतली. 200 मुलं होती. निम्म्यांना ट्रोव्हान दिलं, निम्म्यांना आधीपासून वापरात असलेलं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. त्यातली 11 दगावली, 5 ट्रोव्हानच्या गटातली आणि 6 दुसऱ्या. म्हणजे नुसत्या आकड्यांवरून औषधाकडे बोट दाखवता येत नाही, आणि कंपनी तेच सांगत राहिली. पालकांची तक्रार मात्र वेगळी होती. त्याच आवारात ‘मेदसां सां फ्राँतिए’ या आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेचे डॉक्टर फुकट उपचार करत होते, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, आमच्या मुलावर चाचणी चालली आहे हेसुद्धा नाही. कंपनी म्हणे, तिथल्या हौसा भाषेत तोंडी संमती घेतली होती. चाचणी नीतीला धरून आहे का हे पाहणाऱ्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र तर मागाहून, मागची तारीख टाकून तयार केलं होतं, असं तिथल्याच डॉक्टरने नंतर सांगितलं. 2009 मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलर्सची तडजोड झाली, चूक कबूल न करता.

2003 मध्ये याच कानोत पोलिओची लस बंद पडली. लसीने वंध्यत्व येतं ही अफवा होतीच, पण ट्रोव्हानच्या प्रकरणामुळे ती रुजायला जमीन आयती मिळाली होती. लसीकरण पुन्हा सुरू व्हायला 2004 चा जुलै उजाडला. तोवर तिथला पोलिओचा विषाणू इतर देशांत पोचला होता. पुढच्या वर्षी तो इंडोनेशियात सापडला.

आता कोणी म्हणेल, ‘त्यांच्यात घरातला पुरुषच ठरवतो.’ मला हे वाक्य ऐकलं की निकाह आठवतो. वकील (नवरीच्या वतीने बोलणारा) आणि दोन गवाह (साक्षीदार) नवरीच्या खोलीत जातात, मेहरची, म्हणजे नवऱ्याने तिला द्यायची, रक्कम सांगतात आणि तिला विचारतात. आपल्या कोकणातले मुसलमान शाफई या सुन्नी पंथाचे. त्यांच्यात नवरीचा वली, म्हणजे पालक, लागतोच, तरीही तिला विचारायला माणसं आत जातातच. ही रीत ज्या समाजात घरोघर आहे, तिथे बाईची वेगळी संमती घेणं परकं कसं?

रमजानचं थोडक्यात सांगतो. रक्त दिल्याने हनफी या दुसऱ्या सुन्नी पंथाच्या मतानुसार रोजा तुटत नाही, गोळी गिळली तर तुटतो. पण हा निर्णय आपण ऐकवू नये. ‘तुमच्या आलिमांना (धर्मपंडितांना) विचारा, आम्ही ईदनंतरही येऊ शकतो’ एवढं म्हणावं.

मालेगावात आम्ही ॲनिमियासाठी बायकांचं हिमोग्लोबिन तपासत फिरत होतो. एका घरी यंत्रमागाच्या खडखडाटातच नवऱ्याने फॉर्म गुडघ्यावर ठेवून सही ठोकली. पडद्यामागून आवाज आला, “दस्तखत इन्होंने किए, सुई मुझे लगेगी?” नवरा हसला. मी फॉर्म पाहिला तर सहीला जागाच एक होती, ‘कुटुंबप्रमुख’. तो मसुदा माझाच होता. दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म नेला, माझ्याबरोबरच्या ताईंनी आत बसून उर्दूत वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. यादीत ‘नकार’ लिहिलं, तिने पाठवलेला चहा घेतला आणि शेजारचं दार वाजवलं.