जामीन मंजूर झाला, जामीनदार कुठून आणायचा?

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

कच्च्या, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्या, कैद्यांसाठी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यातलं) सगळ्यांत मोलाचं कलम म्हणजे ४७९. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ खटला चालू असतानाच आत गेला, तर जामीन द्यावा, हे जुन्या कायद्यातही होतं. आता ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही, त्याच्यासाठी ती मुदत एक तृतीयांशावर आली आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत. मुदत भरली की कोर्टात अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांची. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. त्याआधीच्या खटल्यांतल्या कैद्यांनाही हा लाभ मिळेल, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी २३ ऑगस्टला सांगितलं. पण याच कलमात म्हटलंय की एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर सुटका नाही. साध्या मारामारीच्या एफआयआरमध्येसुद्धा तीन-चार कलमं असतात! ही तरतूद बदललीच पाहिजे.

मला जास्त बोलायचंय ते जामिनाची ऑर्डर झाल्यानंतरच्या दिवसांवर.

समजा, घोडबंदर रोडच्या साइटवर सेंटरिंगचं काम करणारा गेवराईकडचा एक पोरगा आहे. पंधरा हजारांचा जातमुचलका (स्वतःच लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेची हमी देणारा एक स्थानिक जामीनदार, अशी ऑर्डर झाली. आता जामीनदाराचं रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा घराचे कागद, कधी तहसीलदाराचा ऐपत दाखला (तेवढी रक्कम भरायची ऐपत असल्याचा), वर पोलिसांची पडताळणी. मुकादम फोन उचलत नाही. गावाकडच्या भावाचा सातबारा आहे, पण तो बीड जिल्ह्यातला, म्हणजे ‘स्थानिक’ नाही. मग कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभा राहणारा जामीनदार कुणीतरी सुचवतं. त्याचे कागद खोटे निघाले की नवी भानगड मागे लागते.

असंच १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या बाबतीत घडलं होतं. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली, म्हणून मॅजिस्ट्रेटने त्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले आणि मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. इतकी वर्षं उलटली, तरी कनिष्ठ न्यायालयांत ‘स्थानिक’ हा शब्द सवयीने लिहिला जातो. याचा मला मनापासून संताप येतो.

३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. ऑर्डरची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात जावी. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिनाभरात मुचलका भरला गेला नाही, तर कोर्टाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराची अट न घालण्याची सूचनाही त्यातच आहे. शिवाय गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. जामिनाच्या रकमेसाठी ठरावीक मर्यादेपर्यंत मदत मिळू शकते, मात्र मनी लाँडरिंग, अमली पदार्थ यांसारख्या गुन्ह्यांना ती लागू नाही.

तुमच्या सोसायटीचा वॉचमन, साइटवरचा मजूर, कुणीही ऑर्डर होऊन आठ दिवस ठाण्याच्या किंवा तळोज्याच्या तुरुंगात अडकलेला असेल, तर ऑर्डरची प्रत आणि त्याच्या गावचा पत्ता घेऊन थेट विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्या वकिलाला अर्जात २०२३ च्या आदेशाचा उल्लेख करायला सांगा आणि ‘स्थानिक’ जामीनदाराची अट काढून टाकावी, एवढी एकच मागणी ठळकपणे लिहायला लावा.