‘जैत रे जैत’ रंगमंचावर आणू या

मंडळी, नमस्कार.

पुढच्या वर्षी मंडळाचं एक मोठं संगीत नाटक व्हावं, असं कार्यकारिणीत ठरलं आणि सूचना मागवल्या, तेव्हा बऱ्याच जणांचं म्हणणं एकच होतं: एखादा गाजलेला मराठी सिनेमा घ्या आणि तो रंगमंचावर करा. मला ही कल्पना मनापासून आवडली. मात्र कोणता सिनेमा, यावर नीट बोलायला हवं. चुकीचा निवडला तर महिनोन् महिने शनिवार-रविवार खर्च करून आपण ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम करू, मधे मधे संवाद असलेला.

आपल्याकडे ही वाट आजवर बहुतेक उलट्या दिशेने, नाटकाकडून सिनेमाकडे, चालली आहे. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक रंगमंचावर आलं. पुढे बोलपट आले, तेव्हा नाटकातली गाणारी माणसंच सिनेमात गेली. गोविंदराव टेंब्यांचंच बघा. 1911 च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या, आणि 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, त्यात हरिश्चंद्रही तेच आणि संगीतकारही तेच. अगदी अलीकडेही 1967 चं ‘कट्यार काळजात घुसली’ 2015 मध्ये पडद्यावर आलं, ‘मानापमान’ 2025 मध्ये आलं. पडद्यावरून रंगमंचाकडे परत येणारी रहदारी फार थोडी.

आणि ती येऊ शकते. फिरोज अब्बास खान यांनी 2016 साली मुंबईत ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर आणलं, तेव्हा नौशादांची गाणी नटांनी स्वतः, त्या क्षणी, नाचता नाचता गायली. अनारकलीची भूमिका करणाऱ्यांपैकी एक आपली गायिका-अभिनेत्री प्रियांका बर्वे. 2023 मध्ये हा प्रयोग उत्तर अमेरिकेतही फिरला. तुमच्यापैकी ज्यांनी तो पाहिला असेल, त्यांना शीशमहालाचा दिमाख आठवत असेल; मला त्यातलं समोर श्वास घेऊन गाणं जास्त मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर तर सिनेमावरून संगीतिका करणं हा नेहमीचाच व्यवहार आहे. पण तिथलंही नीट पाहिलं तर भव्य सिनेमेच यशस्वी होतात असं नाही. ‘द बँड्स व्हिजिट’ हा 2007 चा अगदी लहानसा इस्रायली सिनेमा. इजिप्तच्या पोलिसांचा वाद्यवृंद चुकून भलत्याच गावी पोहोचतो आणि एक रात्र तिथे काढतो, एवढीच गोष्ट. 2018 साली त्याच्या संगीतिकेने दहा टोनी, म्हणजे ब्रॉडवेची मानाची पारितोषिकं, मिळवली. गाजलेली गाणी नव्हती, मोठा देखावा नव्हता. त्या माणसांना बोलून जे सांगता येत नव्हतं, ते संगीतातून येत होतं.

माझी कसोटी हीच आहे. गाणं काढून घेतलं की गोष्ट अडली पाहिजे. तिथे पात्राला गाण्यावाचून गत्यंतर नाही, असं झालं पाहिजे. ‘गाणी हिट आहेत’ हा निकष मला पुरेसा वाटत नाही.

या कसोटीवर ‘सैराट’ मी बाजूला ठेवतो. अजय-अतुल यांचं ते संगीत, लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झालेला तो वाद्यमेळ, सगळं मला प्रिय आहे. पण त्यातली चारही गाणी पूर्वार्धात आहेत, आणि ती आर्ची-परशाच्या मनात वाजतात, तोंडातून नाही. उत्तरार्धात गाणं थांबतं, शेवटी तर सगळाच आवाज थांबतो, आणि त्या थांबण्यातच नागराज मंजुळ्यांचं म्हणणं आहे. उत्तरार्धात आपण गाणी घुसवली तर त्या सिनेमाचा अपमान होईल. न घुसवली तर ते संगीत नाटक होणार नाही.

‘नटरंग’चं वेगळं. आनंद यादवांची कादंबरी, 2010 साली रवी जाधवांनी केलेला सिनेमा. यात माणसं गातात कारण तो त्यांचा धंदाच आहे. शिवाय गुणा कागलकर तालमीतला गडी, फडाला नाच्या मिळेना म्हणून स्वतः नाच्या होतो. हा बदल रंगमंचावर फार सुंदर करता येईल. सिनेमात अतुल कुलकर्णींनी खरोखर शरीर कमावलं आणि उतरवलं. रंगमंचावर एकाच नटाने एकाच गाण्यात, प्रेक्षकांसमोर, चाल बदलायची, खांदे सैल सोडायचे, मनगट मोडायचं. ही ताकद नाटकाची. भीती एवढीच वाटते, की ‘अप्सरा आली’ सुरू झालं की प्रेक्षागृह टाळ्या-शिट्ट्यांनी भरून जाईल आणि गुणाकडे कुणी बघणार नाही. गणेशोत्सवात आपण ते गाणं इतक्यांदा नाचलो आहोत की ते आता गोष्टीत परत बसवणं कठीण आहे.

शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ घ्यावा असं काही ज्येष्ठांचं म्हणणं आहे, आणि त्यात तथ्य आहे. गावाच्या लेखी गुरुजी मेलेले, आणि स्वतःच्याच खुनाचा खटला त्यांच्यावर उभा राहतो, याहून नाट्यमय काय असणार? राम कदमांच्या चाली आणि जगदीश खेबुडकरांच्या लावण्या तर आहेतच. मला अडचण वाटते ती तमाशातल्या बाईकडे बघण्याच्या दृष्टीची. चांगल्या माणसाला बिघडवणारी बाई, हा 1972 चा साचा आज जसाच्या तसा मांडू नये. कुणी तिच्या बाजूने तो वग पुन्हा लिहिणार असेल तर मी पहिल्या रांगेत बसेन.

‘बाईपण भारी देवा’ करणं सर्वांत सोपं. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, आणि आपल्या मंडळातल्या बायका दर श्रावणात ते खेळ खेळतातच. झिम्मा-फुगडीची पारंपरिक गाणी कुणा एकाच्या मालकीची नाहीत. कथेची परवानगी मात्र घ्यावीच लागेल. हे एखाद्या महिला दिनाला जरूर करावं.

माझा जीव खरा अडकलाय तो दोन सिनेमांत, आणि दोन्ही जब्बार पटेलांचे. पहिला 1992 चा ‘एक होता विदूषक’. पटकथा-संवाद पु. लं.चे, गीतं ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. आबुराव हा सोंगाड्या. तमाशातून सिनेमात जातो, सिनेमातून राजकारणात ओढला जातो, आणि जगाला हसवणाऱ्या या माणसाची स्वतःची मुलगी हसत नाही. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा साचा त्यात तयारच आहे. लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना त्यातल्या नृत्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. सिनेमा आला तेव्हा लोकांना विनोदी लक्ष्मीकांत बेर्डे हवा होता, म्हणून त्याला न्याय मिळाला नाही, असं मला आजही वाटतं. रंगमंचावर तो मिळू शकेल. फक्त त्याला गाणारा, नाचणारा, हसवणारा आणि शेवटी काळजाला हात घालणारा एकच नट लागेल. तसा नट आपल्याकडे तयार होईल तेव्हा हे नाटक करू.

दुसरा ‘जैत रे जैत’. 1977 सालचा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. मी आज आग्रहाने मांडतोय तो हाच.

ठाकरवाडीतला, म्हणजे ठाकर आदिवासींच्या वस्तीतला, नाग्या. मधमाश्यांनी त्याचा डोळा घेतला, म्हणून लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीशी त्याचं वैर. नवऱ्याला सोडून आलेली, कुणाला न जुमानणारी चिंधी त्याच्या बाजूला उभी राहते. तो जिंकतो, पण त्या जिंकण्याची किंमत चिंधी चुकवते. हे सारं महानोरांच्या शब्दांत आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत सांगितलं जातं. गाणी इथे गोष्टीला थांबवत नाहीत, गोष्ट तीच पुढे नेतात. संबंध वाडीच गाते. इतका तयार समूह दुसऱ्या कुठल्या मराठी सिनेमात आहे?

‘डोंगर कसा उभा करणार?’ असं मला विचारलं गेलं. जब्बार पटेलांनीच 1972 साली ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांची भिंत उभी केली होती. ती उघडायची, मिटायची, गायची, पुण्याचं रूप घ्यायची. आपला समूहच डोंगर होईल. नाग्या माणसांवरून चढेल, आणि प्रत्येक टप्प्यावर सूर वर सरकेल. आपल्याला शाळेचं सभागृह भाड्याने मिळतं, तिथे धूर सोडला तर आगीची घंटा वाजते; तेव्हा मोहोळाला लावलेला धूरही आवाजातूनच आला पाहिजे. माश्या म्हणजे मुलं. प्रेक्षागृहाच्या मागच्या दारापासून दोन्ही वाटांनी गुणगुणत पुढे येतील, आधी एकच स्वर, मग शेजारचा, मग कानाला बोचणारे.

मुलांबद्दल एक सांगायलाच हवं. इथे, परदेशात वाढलेली आपली मुलं मराठी संवाद बोलताना बिचकतात, आपला उच्चार कुणी हसण्यावारी नेईल म्हणून मागे राहतात. तीच मुलं समूहात गाताना ‘ळ’ आणि ‘ण’ खणखणीत म्हणतात, कारण चाल त्यांना सांभाळून घेते. मी हे तालमींमध्ये पाहिलं आहे. समूहाचं नाटक निवडायला मला एवढं एक कारणही पुरलं असतं.

दोन गोष्टींवर मी अडून बसणार आहे. पहिली, गाणी ट्रॅकवर वाजवून ओठ हलवायचे नाहीत. लताबाई-आशाबाईंशी तुलना होणारच, तर होऊ दे. आपल्या गळ्यांना झेपेल त्या पट्टीत उतरवून, पण गायचं ते आपणच. दुसरी, ठाकर माणसं म्हणजे अंगाला काळा रंग आणि कमरेला पानं, असलं काही आपल्या मंचावर दिसता कामा नये. हा समाज आजही कर्जत, मुरबाड, अकोले भागात राहतो, शेती करतो, त्यांची मुलं शाळा-कॉलेजात आहेत. त्यांच्यापैकी कुणी आपला प्रयोग पाहिला तर त्यांना आपलं माणूस मंचावर दिसलं पाहिजे.

परवानगीचं काम सगळ्यात आधी. कादंबरी, सिनेमा, शब्द आणि संगीत यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, त्या प्रत्येकाला लिहावं लागेल, आणि उत्तर येईपर्यंत सभागृह ठरवायचं नाही. त्यासाठी कायद्याची माहिती असलेली दोन माणसं हवी आहेत. ढोलकी आणि बासरी वाजवणाऱ्यांनी आजच नाव द्यावं. समूहासाठी वयाची अट नाही, आवाज चांगला असण्याचीही नाही, सुरात राहता आलं की झालं. वही चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे.