दातात दडलेला दात

इंदूरचं रामबाग. सकाळी घरात पोहे-जिलबी आलेत. तेरा वर्षांची मुलगी जिलबीचा तुकडा दाढेखाली सरकवते. महिना झाला, पुढच्या दातांनी ती काही तोडत नाही. वरच्या ओठाखाली, हिरडीवर, मुगाच्या दाण्याएवढी पुळी आहे. फुटते, पू येतो, पुन्हा भरते.

"अहो डॉक्टर, कीड तर कुठेच नाही. मग पू येतोय कुठून?" आई विचारते.

अगदी नेमका प्रश्न. डॉक्टर टाळूच्या बाजूने आरसा धरतात. सुळ्याच्या अलीकडच्या दाताला, मागून, सुईच्या टोकाएवढं छिद्र. मोदकाची पारी अंगठ्याने आत दाबावी, तसं जबड्यात दात घडत असतानाच याचं इनॅमल आत दुमडलं गेलं. एक्स-रेत तर दाताच्या पोटात दुसरा दात बसलेला दिसतो. त्या खाचेत ब्रश पोचत नाही, जंतू पोचतात. आतलं अस्तर पातळ, कुठे कुठे नाहीच. नस मरते आणि दात बाहेरून पांढराशुभ्र.

१९५७ मध्ये दंतसंशोधक ओलर्स यांनी अशा दातांचे तीन प्रकार सांगितले. हिचा तिसरा, सगळ्यांत अवघड. दुमड मुळापर्यंत जाऊन थेट हाडात उघडलेली. वरून रूट कॅनॉल केलं, दोनदा औषध भरलं, पण त्या वाकड्या पोकळीत फाइल, म्हणजे साफ करायची बारीक सुई, फिरेना.

"काढूनच टाका ना तो," आजी म्हणाल्या. पण जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत इम्प्लांट बसवत नाहीत. एवढी वर्षं या पोरीने पुढची फट घेऊन हसायचं? हा दात वाचवायलाच हवा होता.

भूल दिली. हिरडी अलगद उचलून हाडात छोटी खिडकी केली, सडका भाग खरवडून काढला. मुळाचं टोक ३ मिलिमीटर कापलं, कारण नसेचे बारीक फाटे तिथेच दाट असतात. आता मायक्रोस्कोपमधून बघा, कापलेल्या मुळावर एक नाही, दोन तोंडं आहेत: एक नसेचं, एक दुमडीचं. अल्ट्रासॉनिक टोकाने दोन्ही साफ केली आणि त्यांत एमटीए नावाचं भरण दाबून भरलं. दिसायला ओली वाळू, जात सिमेंटची. ओलाव्यात घट्ट होतं, म्हणून हाडाच्या ओलीतही टिकतं.

टाके आठवड्याने निघाले. एक्स-रेतला काळा डाग भरायला वर्ष लागलं.

हा दोष पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो. पलीकडच्या दातालाही तसंच छिद्र होतं, पण नस जिवंत होती. डॉक्टरांनी ते लगेच बुजवलं, भूलसुद्धा लागली नाही.

आई म्हणाली, "धाकट्याचे पुढचे दात आत्ताच आलेत. त्यालाही आणू का?"

"उद्याच आणा."